मीठ-मिरचीपुरती

शालन त्या सकाळी पाण्यात उतरली नाही. बांधावरच उभी राहिली, पायात चपला तशाच, आणि हातात काठीऐवजी निळी फाइल.

"काय गावला गो द्वारके?" तिने वरूनच विचारलं.

मी आणि भागीकाकी पुळणीवरून, खाडीतल्या उथळ वाळूच्या पट्ट्यावरून, परतत होतो. सुकती, म्हणजे ओहोटी, संपत आली होती, थोड्या वेळात पाणी पुन्हा भरायला लागणार होतं. लुगडी मांडीपर्यंत भिजलेली, कमरेच्या टोपल्या जड, आणि टोपल्यांवर बांधावरच्या भेंडीच्या झाडाची हिरवी पानं झाकलेली.

"काय नाय गो," मी म्हटलं. "मीठ-मिरचेक."

"आणि काकी, तुका?"

"माका खंय गावता आता? मांजराक पुरला तरी खूप."

तिघीही हसलो. शालनने फाइल डाव्या हातावर टेकवली आणि काहीतरी लिहिलं. मला वाटलं तारीख घालत असेल.

माझ्या टोपलीत त्या दिवशी घरचं जेवण होऊन बाजारात दहा वाटे लागतील इतकी कोळंबी होती. शालनला ते न बघता कळलं असणार. पान किती फुगलंय त्यावरून ती टोपली ओळखायची. वीस वर्षं आम्ही दोघींनी एकच जाळं ओढलं होतं.

जाळं म्हणजे काही मोठा कारभार नव्हे. दोन काठ्या आणि मध्ये चार हात जाळी. एक काठी तिची, एक माझी. कमरेएवढ्या पाण्यात काठ्या तळाला टेकवून दोघींनी सारख्या पावलानं चालायचं. एकीचं पाऊल पुढे गेलं की जाळं तिरकं होतं आणि सुंगटं, आमच्याकडे कोळंबीला सुंगटंच म्हणतात, बाजूने पसार होतात. पावलं जमायला आम्हाला एक अख्खं वर्ष लागलं. एकदा जमल्यावर मात्र नवऱ्याशी जमलं नाही इतकं माझं शालनशी जमलं. तिला बाळंतपणाच्या कळा पहिल्यांदा पुळणीवरच आल्या, आणि काठी सोडायला ती तयार नव्हती. जाळं भरलेलं आहे, म्हणाली. मी शिव्या घालत तिला बांधावर आणली होती.

आता त्या 'मीठ-मिरचेक'चं सांगते. आमच्या जुवेवाडीत खाडीवरून येणाऱ्या बाईला कोणी 'काय गावला' विचारलं, तर टोपली काठोकाठ भरलेली असली तरी 'काय नाय, मीठ-मिरचेक' असंच म्हणायचं. मीठ-मिरची लावून एका वेळचं तोंडीलावणं होईल, एवढंच. आकडा सांगायचा नाही. मोजायचं तर नाहीच. बाजारात आम्ही वाटे लावायचो, तराजू कधी हातात धरला नाही. पाणी ऐकतं, असं माझी सासू सांगायची. आज पन्नास म्हणालीस तर उद्या पन्नास कमी देईल. वाडीतल्या सगळ्या सासवांनी सगळ्या सुनांना हेच सांगितलेलं, आणि विचारणारीलाही उत्तर आधीच ठाऊक असायचं. त्या विचारण्याचा अर्थ, बरी आहेस ना, इतकाच.

तेव्हा खाडीत भांडण पेटलेलं होतं. दोन-तीन वर्षांपासून शनिवार-रविवारी हौशी लोक यायला लागले होते. कोल्हापूरचे, बेळगावचे, काही पुण्याचेही. गाडीच्या टपावर रबरी होडी, डोक्यावर टोपी, हातात नवाकोरा पाग, म्हणजे फेकायचं जाळं. पाग गोल फेकायचा, चार सुंगटं आली की फोटो काढायचा, परत फेकायचा. माणसं वाईट नव्हती, काकी-मावशी करून बोलायची. पण तीसतीस पाग एका पुळणीवर पडले की सोमवारी आमच्या जाळ्यात नुसतं गढूळ पाणी. होडीवाले त्यांच्यावर चिडलेले. ते होडीवाल्यांच्या बारीक जाळ्यांवर चिडलेले, पिल्लं मारता म्हणून. आणि कोळंबी दरसाल बारीक होत चालली म्हणून सरकारी साहेब सगळ्यांवर चिडलेले. आम्ही बायका कोणाच्याच रागात नव्हतो, कारण कोणाच्या लक्षातच नव्हतो.

मग खाडी समिती निघाली. साहेबांनी खाडीचे दोन भाग पाडायचे ठरवले. पुलाच्या खाली, समुद्राकडे, परवानेवाल्या होड्या. पुलाच्या वर, जिथे आमची पुळण, तिथे आठवडाभर बंदी, सुंगटं वाढू देत म्हणून, आणि शनिवार-रविवारी पास काढणाऱ्या हौशी लोकांना मुभा. ज्याचं पोट पुळणीवर आहे त्याला मात्र पत्र्याचा बिल्ला मिळायचा होता. बिल्ला असला की रोज उतरा, कोणी अडवणार नाही.

माझं पोट पुळणीवरच होतं. नवरा ट्रॉलरवर घसरून पडल्यापासून कंबर धरून घरी बसलेला, मुलगी तालुक्याला बारावीत. तिला नर्स व्हायचं होतं. बिल्ला मिळाला नाही तर काय, असा विचार मी एकदाही केला नाही. मला नाही तर कोणाला मिळणार होता?

समितीत एक जागा बाईची होती. वाडीतल्या सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण तोंडाने मी फटकळ. मीच म्हटलं, शालनला धाडा. ती दहावी शिकलेली, साहेबाशी साहेबासारखं बोलते, मी गेले तर पहिल्याच दिवशी समिती मोडून येईन. सगळ्या हसल्या, शालन लाजली. हात वर करायची वेळ आली तेव्हा पहिला हात माझा वर गेला.

तर त्या सकाळी बांधावर शालनने फाइल माझ्यासमोर धरली.

"सही कर हयसर."

मी हात पदराला पुसले. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, वाचता येतं. पण अक्षर बारीक होतं, चष्मा घरी होता, आणि समोर शालन होती.

"बिल्ल्याचाच मां ह्या?"

"बिल्ल्याचाच."

"नीट लिवलंस मां गो?"

"द्वारके, तुझा काय माका म्हायत नाय?"

मी सही केली. काकीने अंगठा दिला आणि शाई लुगड्याला पुसली.

"पाण्यात कधी येतलंस?" मी विचारलं. "काकीवांगडा माझी पावलां जुळनत नाय."

"माझा पाऊल म्हातारा झाला, तू मारे चेडू," काकी फणकारली.

"येतलंय गो," शालन म्हणाली. "ह्या समितीचा झेंगाट एकदा संपांदे."

तिची काठी मीच घरी नेऊन पडवीत टांगली. पावसापाण्यात कुजू नये म्हणून दोन्ही काठ्यांना तेल लावायचं कामही दरवर्षी माझंच असायचं.

तीन आठवड्यांनी शाळेच्या पटांगणात मांडव घालून सभा भरली. पुढे टेबल, साहेब, समितीच्या खुर्च्या. शालन कडेच्या खुर्चीत ठेवणीतली साडी नेसून बसली होती. पहिल्या रांगेत टोपीवाले, त्यांच्यामागे होडीवाले, आणि सगळ्यांच्या मागे चटईवर आम्ही सतरा जणी. भागीकाकीने येताना पिशवी आणली होती. बिल्ला कशातून नेणार, म्हणून.

साहेब तरुण होते, आवाज गोड. होडीवाल्यांचं झालं, टाळ्या झाल्या. हौशी मंडळाचं झालं, त्यांनी जास्त टाळ्या वाजवल्या. मग साहेबांनी पुढचा कागद घेतला.

"जुवेवाडी. पायी मासेमारी करणाऱ्या महिला, एकूण सतरा. त्यांपैकी उपजीविकेच्या नोंदी, शून्य."

मला शून्य ऐकू आलं, पण ते आमच्यासाठी आहे हे कळलं नाही. साहेब पुढचं पान उलटायला लागले तेव्हा मी उठले.

"साहेब, आमचे बिल्ले?"

"आपलं नाव?"

"द्वारका वसंत कुबल."

त्यांनी शांतपणे कागद शोधला. माणूस उद्धट नव्हता, ते म्हणायलाच हवं. "द्वारका वसंत कुबल," त्यांनी वाचलं. "रोजची पकड किती? उत्तर, काही नाही, मीठ-मिरचीपुरती. मासेमारीचा उद्देश, हौस."

मांडवात कोणीतरी हसलं.

"भागीरथी सोमा तांडेल. रोजची पकड, मांजराला पुरेल एवढी. उद्देश, हौस."

आता सगळेच हसले. टोपीवाले तर मागे वळून काकीला बघायला लागले. साहेब वाचतच राहिले. काही नाही, मीठ-मिरचीपुरती, हौस. काही नाही, मीठ-मिरचीपुरती, हौस. सतरा वेळा. बांधावर एकमेकींची विचारपूस करायची आमची ती भाषा त्या माणसाच्या तोंडून शुद्ध मराठीत येत होती, आणि ऐकताना अंगावरचं लुगडं कोणी भर बाजारात ओढावं तसं मला वाटत होतं. काकीला काही कळत नव्हतं. "काय म्हणता गो तो? मांजराचा काय?" ती मला विचारत होती.

"सही तुमचीच ना?" साहेबांनी कागद माझ्याकडे वळवून दाखवला.

"व्हय, माझीच. पण ता तसा नाय, साहेब. ती बोलूची रीत."

"असेल. चूक झाली असेल तर आत्ता दुरुस्त करू, सभा त्यासाठीच आहे." त्यांनी खरंच पेन उघडलं. "तुम्ही सांगा, मी लिहितो. रोज साधारण किती मिळते? किलोत सांगा, नगात सांगा, कसंही."

एक वाक्य बोलायचं होतं. दोन-अडीच किलो, उधाणाच्या दिवसांत चार. मला आकडा माहीत नव्हता असं थोडंच आहे? मोजत नसले तरी वीस वर्षं डोक्यावरून बाजारात नेलं होतं ते वजन. पण मागून काकीने माझा पदर मुठीत धरला. तिला शेवटी कळलं होतं की साहेब काय विचारतोय.

"द्वारके, आकडो नको," ती पुटपुटली. "पाणी आयकता."

तुम्ही हसाल. हसा. पण दोनशे माणसांसमोर, होडीवाल्यांसमोर, ज्या टोपीवाल्यांची नजर आमच्या पुळणीवर होती त्यांच्यासमोर मी आकडा उच्चारला, आणि उद्या पाण्यानं हात आखडला, तर सतरा घरांची चूल माझ्या जिभेनं विझली असती. सासूचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

"पुरता तेवढा गावता," मी म्हटलं.

"म्हणजे किती?"

"पोटापुरता."

"म्हणजे घरगुती वापर." साहेबांनी पेन मात्र खाली ठेवलं नाही. वाट बघत राहिले.

मग मला शालन आठवली. आठवली कसली, समोरच होती ती. माझा जीव एकदम भांड्यात पडला. अगं, ही आहे की.

"शालनीक इचारा साहेब," मी मोठ्याने म्हटलं. "तिका सगळा म्हायत हा. वीस वर्सां दुसरी काठी तिच्या हातात होती."

तिला आकडा सांगायचीसुद्धा गरज नव्हती. यांचं पोट यावर चालतं, एवढं म्हणाली असती तरी झालं असतं.

शालन उठली. पदर सारखा केला. माझ्याकडे न बघता साहेबांकडे बघून म्हणाली, "साहेब, त्यांनी जे सांगितलं तेच मी लिहिलंय. एक शब्द माझ्या पदरचा नाही. आमच्याकडच्या बायका हौसेनंच जातात."

मी खाली बसले. साहेबांनी पेन बंद केलं आणि पुढचं पान घेतलं.

दुपारी शालन आपणहून आमच्या पडवीत आली, एवढं मात्र तिचं मान्य करते. मी जाळ्याची गाठ सोडत बसले होते. ती उंबऱ्याशी उभी राहिली, नेहमीसारखी आत येऊन पाटावर बसली नाही.

"रागावलंस?" तिने विचारलं.

मी गाठ दातांनी ओढली.

"आयक तरी. पास आमच्या घराकडसून मिळतले. ह्यांची होडी पावण्यांक फिरवतली, झिलाक काम मिळतला. आणि जेवणाक तुकाच घेतलंय मी. समितीत तुझा नाव सांगलंय. सुंगटां सोलूची, तळूची. बसान काम. पाण्यात उभी रवान रवान पाय बघ कसे झालेत तुझे."

"माझे पाय मी तुका दाखवूक इल्लंय?"

"तुझ्या बऱ्याचाच बघलंय गो."

"शालन," मी म्हटलं, "एकच सांग. बांधावर मी मीठ-मिरचेक म्हटलंय. तुका म्हायत होता मां टोपलेत काय होता ता?"

ती अंगणाकडे बघत राहिली. खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. घाईत लिहिलं, चुकलं, साहेबांनीच तसं लिहायला लावलं, असं काहीही म्हणाली असती तरी मी विश्वास ठेवला असता. मला ठेवायचाच होता.

"म्हायत होता," ती म्हणाली. "पण सतरा जणींका बिल्ले मिळाले तर पुळण मोकळी रवाची नाय. आणि पुळण मोकळी नाय तर पावणे येवचे नाय."

म्हणजे तिने विचार केला होता. शांतपणे, दिवसचे दिवस. आणि मग बांधावर येऊन, आमच्याच रीतीनं, आमचंच उत्तर आमच्या तोंडून काढून घेतलं होतं. मी काय म्हणेन हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मला चोरानं लुटलं असतं तर मी बोंब मारली असती. हिच्या नावानं बोंब मारायला तोंड कुठून आणू?

मी तिच्या काठीच्या गाठी सोडल्या, तेल पाजून पाजून काळी झालेली ती काठी जाळ्यातून ओढून काढली आणि उंबऱ्यावर ठेवली.

"तुझी काठी ने."

"द्वारके…"

"ने म्हणतंय मां!"

तिने ती उचलली आणि गेली. एकाच काठीचं जाळं माझ्या मांडीवर पडून राहिलं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

पहिल्या शनिवारी मी पासाच्या रांगेत उभी राहिले, शालनच्याच ओटीसमोर. तिचा मुलगा टेबल मांडून बसला होता. मला बघून शालन आत निघून गेली. पासावर छापलेलं होतं, 'हौशी मासेमार'. माझ्या पुढे बेळगावचा एक गृहस्थ होता, गळ्यात कॅमेरा. वळून मोठ्या आपुलकीनं म्हणाला, "काय काकी, तुम्हालाही आवड आहे वाटतं?"

"हो," मी म्हटलं. "लहानपणापासून."

"वा! छंद हवाच माणसाला," तो म्हणाला.

भागीकाकीने पास घेतलाच नाही. "सत्तर वर्सांत माका हौस कसली होती ती सांग आधी," म्हणाली, आणि बांधावर भेंडीखाली बसून राहिली. रोज सुकतीला यायची, पाणी उतरलेलं बघायची, भरती लागली की उठायची. दुसऱ्या वर्षी गणपती झाल्यावर गेली.

दोन दिवसांच्या हौसेवर घर चालत नाही. मी शालनच्या चुलीशी गेले नाही, तालुक्याला काजूच्या कारखान्यात गेले. बारावी झाल्यावर मुलगीही माझ्या शेजारी येऊन बसली. नर्सिंगचा फॉर्म तिने भरला नाही, मी भर म्हटलं नाही. काजूच्या चिकानं तिची बोटं काळी पडली तेव्हा मी पुष्कळ शाप दिले, आणि ते सगळे एकाच घराच्या दिशेनं दिले. रस्त्यात शालन दिसली तर मी वाट बदलायची. ती हाक मारायची नाही.

अशी अकरा वर्षं गेली. हौशी लोकांची हौस चार वर्षांतच फिटली. खाडी गाळानं भरत गेली, सुंगटं कमी झाली, त्यांना दुसरीकडे दुसरी खाडी सापडली. साहेबांची बदली झाली. समितीचा फलक पुलाजवळ गंजत उभा आहे. बंदी कोणी उठवली नाही आणि आता कोणी पाळतही नाही. मुलीचं लग्न झालं, मी कारखाना सोडला आणि परत पाण्यात उतरायला लागले. आता दोन काठ्यांचं जाळं नाही. बांबूच्या कडीला जाळीची झोळी लावलेली, एकटीला पुरते.

गेल्या कार्तिकातली गोष्ट. सुकती संपता संपता मी वर आले तर बांधावर शालन उभी. त्याच जागी. केस पार पांढरे, नवरा गेल्यापासून वाळलेली. मुलगा होडी विकून पुण्याला गेला होता हे मी ऐकलं होतं. पायात चपला नव्हत्या, लुगडं वर खोचलेलं. हातात काठी होती. तीच, काळी. अकरा वर्षं तिनेही तिला तेल पाजलेलं दिसत होतं.

मी बाजूने जायला निघाले.

"काय गावला गो द्वारके?" तिने विचारलं.

अकरा वर्षांत पहिलंच बोलणं. आणि ती काय विचारतेय ते मला पूर्ण कळलं. मीठ-मिरचेक, एवढं म्हणायचं, आणि उद्यापासून पुन्हा सारखी पावलं टाकायची. माझ्या जिभेवर ते आलंही होतं. इतक्या वर्षांची सवय आहे ती.

मी टोपली सोडून बांधावर ठेवली. वरचं पान काढून टाकलं. खाली बसले आणि एकेक सुंगट उचलून तिच्यासमोर दगडावर ठेवायला लागले.

"एक," मी म्हटलं. "दोन. तीन."

शालनचा चेहरा उतरला. "द्वारके, नको गो. मोजू नको."

"चार. पाच."

"पाणी आयकता गो! नको!" ती खरोखर घाबरली होती. दहावी शिकलेली, समितीत बसलेली शालन भर उन्हात घाबरून पाण्याकडे बघत होती. मी थांबले नाही. मोठ्यानं, पाण्याला नीट ऐकू जाईल अशी मोजत गेले. तिने काठी दोन्ही हातांनी धरली होती आणि ती तिथून हललीही नाही.

"एकशे बारा," मी शेवटी म्हटलं. "लिवन घे."

सगळं टोपलीत भरून मी घरी आले. पान झाकलं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. राग निवला होता आणि त्याच्या जागी भीती आली होती. सासू आठवत होती, काकी आठवत होती, माझा पदर धरलेली तिची मूठ आठवत होती. रागाच्या भरात आपण आपल्याच पोटावर पाय दिला, असं वाटत राहिलं. सकाळी सुकती लागल्यावर मी पुळणीवर उतरले ती हात जोडूनच. झोळी टाकली, ओढली, टाकली, ओढली. वर बघायचं धैर्य झालं नाही.

बांधावर आले तेव्हा तिथे कोणी नव्हतं. भेंडीखाली बसून मी टोपली दगडावर उपडी केली आणि आयुष्यात पहिल्यांदा, फक्त माझ्यासाठी, मोजली.

एकशे एकतीस होती. कालच्यापेक्षा एकोणीस जास्त.